कोहऱ्यात उभे असलेले मूल कुणाचे?

ग्वाल्हेरची थंडी पुण्या-मुंबईच्या नातलगांना सांगून पटत नाही. डिसेंबरात लग्नाला येताना मंडळी एखादी शाल घेऊन येतात आणि पहिल्याच रात्री आपल्याकडे रजाई मागतात. पण या थंडीची खरी ओळख रजाईत होत नाही. ती सकाळी पावणेसातला लष्कर, मुरार किंवा थाटीपूरच्या कुठल्याही कोपऱ्यावर उभे राहिले की होते. जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात आपल्याकडे सूर्य सातच्या पुढे उगवतो. त्याआधीच्या अंधारात कानटोपी आणि मफलर गुंडाळलेली मुले पाठीवर दप्तर घेऊन व्हॅनची वाट पाहत उभी असतात. समोरच्या घराचे दारही दिसत नसते. व्हॅन आली हे दिव्यांवरून नव्हे, तर आवाजावरून समजते. शुद्ध मराठीत याला धुके म्हणायचे, पण पिढ्यान्‌पिढ्या इथे राहून आपल्या तोंडी कोहराच बसला आहे. तेव्हा आम्हीही कोहराच म्हणतो.

मागे एका जानेवारीत आमच्या मंडळाच्या एका सभासदांच्या नातीवर आलेला प्रसंग आधी सांगतो. मुलगी दुसरीत शिकते. व्हॅन पावणेसातला यायची, ती सव्वासात झाले तरी आली नाही. आजोबांनी तीनदा फोन केला, तो लागला नाही. अखेर व्हॅन आली, मुलगी बसली, आजोबा घरी येऊन चहाला बसले. आठच्या पुढे मुले शाळेपाशी पोहोचली, तर फाटक बंद! थंडीमुळे सुट्टी देण्याचा आदेश रात्री उशिरा निघाला होता. शाळेने तो सकाळी सव्वासहाला पालकांच्या मोबाइलवर धाडला होता. त्या वेळी आजी डबा भरत होत्या, आजोबा बंबात पाणी तापवत होते, आईवडील स्वतःच्या नोकरीच्या तयारीत होते. संदेश कुणी पाहिलाच नाही. व्हॅनवाल्याचा नंबर तर शाळेच्या यादीतही नव्हता. त्याने सात मुले फाटकाशी उतरवली आणि दुसऱ्या शाळेची मुले पोहोचवायला तो निघून गेला.

शाळेच्या चौकीदाराने मुलांना आपल्या शेकोटीपाशी बसवले. त्यांतल्या एका मोठ्या मुलाने चौकीदाराच्या फोनवरून घरी कळवले आणि मग एका घरून दुसऱ्या घरी फोन गेले. आजोबा स्कूटरवरून पोहोचले तेव्हा नऊ वाजत आले होते. नात रडत नव्हती. तिने एवढेच विचारले, "आजोबा, आपल्याला उशीर झाला म्हणून शाळा बंद केली का हो?"

दुसऱ्या दिवशी आमच्यापैकी दोघे आजोबांबरोबर शाळेत गेले. उत्तर नम्रपणे मिळाले: "वाहनाची सोय पालकांची आहे. शाळेचा त्याच्याशी संबंध नाही. सुट्टीचा संदेश आम्ही पाठवला होता." व्हॅनवाल्याला विचारले. तो म्हणाला, "काकाजी, मला कुणी काही सांगितलेच नाही. मी मुले आणतो आणि सोडतो." घरच्यांना विचारावे तर त्यांचे म्हणणे, भल्या पहाटे आलेला संदेश पाहायला वेळ कुणाला असतो? तिघांचेही म्हणणे आपापल्या जागी खरे होते. आमच्या मते रोग इथेच आहे. प्रत्येकाने आपापले काम केले, तरी सात मुले बंद फाटकासमोर, कोहऱ्यात, एका चौकीदाराच्या चांगुलपणाच्या भरवशावर बसली होती. घर ते शाळा या वाटेवर मूल कुणाच्या जबाबदारीत असते, याचे उत्तर आपल्या शहरात कुणाकडेच नाही.

कायदा याबाबत गप्प आहे असे नाही. 1997 च्या नोव्हेंबरात दिल्लीत वझीराबादच्या पुलावरून शाळेची बस यमुनेत कोसळली आणि 28 मुले गेली. त्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने शाळेच्या बसगाड्यांसाठी निर्देश दिले. बस पिवळी असावी, पुढेमागे 'स्कूल बस' असे लिहिलेले असावे, खिडक्यांना आडव्या सळ्या, प्रथमोपचाराची पेटी, आग विझवण्याचे साधन असावे, मुलांबरोबर जबाबदार माणूस असावा, वेग ताशी 40 किलोमीटरच्या वर जाऊ नये. आपल्या राज्यात 5 जानेवारी 2018 रोजी इंदूरच्या बायपासवर शाळेची बस ट्रकवर आदळली. चार मुले आणि चालक मृत्युमुखी पडले. ते प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि डिसेंबर 2024 मध्ये इंदूर खंडपीठाने नव्याने सूचना दिल्या. 12 वर्षांहून जुनी बस शाळेसाठी वापरू नये, बसमध्ये जीपीएस आणि सीसीटीव्ही असावेत, ऑटोरिक्षात चालकासह चारांपेक्षा अधिक माणसे नसावीत.

नियम चांगलेच आहेत. पण त्यांचा मुख्य रोख शाळेच्या मालकीच्या किंवा शाळेने भाड्याने घेतलेल्या बसवर आहे. आपल्याकडची कितीतरी मुले ज्या व्हॅनने, ऑटोने आणि ई-रिक्षाने जातात, ती वाहने ना शाळेच्या मालकीची, ना शाळेने ठरवलेली. ती आपण ठरवलेली असतात. शाळा म्हणते, ती आमची नाहीत. परिवहन कार्यालय एखाद्या अपघातानंतर आठवडाभर तपासणीची मोहीम काढते. त्या आठवड्यात व्हॅनवाले गायब होतात आणि पालक स्कूटरवरून धावपळ करतात. मोहीम थंडावली की तीच व्हॅन, तीच मुले, तोच कोपरा. मारुतीच्या ओम्नी व्हॅनचे उत्पादन 2019 मध्येच बंद झाले. म्हणजे मुलांना नेणारी कुठलीही ओम्नी आज जुनीच आहे. तिच्या काचा थंडीमुळे घट्ट लावलेल्या असतात आणि गॅसची टाकी मागच्या सीटखाली किंवा सीटमागे असते. तिची पाटी पांढरी असेल, म्हणजे नोंदणी खासगी वापराची असेल, तर भाड्याने मुले नेणेच बेकायदा. उद्या दुर्दैवाने काही घडले तर विमा कंपनी हात वर करू शकते. हे आपल्यापैकी किती जणांनी व्हॅन ठरवताना पाहिले?

इथे आम्हाला आपल्याच लोकांना चार शब्द सुनवावेसे वाटतात. व्हॅन ठरवताना आपण गाडीची पाटी पाहत नाही, चालकाचा परवाना पाहत नाही, किती मुले बसतात ते मोजत नाही. महिन्याला शंभर रुपये कमी कोण घेतो, ते पाहतो. शंभर रुपये कमी घेणारा माणूस ते शंभर रुपये कुठून भरून काढणार? आणखी दोन मुले कोंबून, किंवा एका फेरीऐवजी दोन फेऱ्या मारून. दोन फेऱ्यांसाठी पहिली फेरी पहाटे सुटते आणि दुसरी घाईने धावते. कोहऱ्यातली घाई काय असते, त्याचा साधा हिशेब करून पाहा. ताशी 40 किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला 11 मीटर पुढे जाते. समोरचे दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद गेले, तर ब्रेक लागण्याआधीच गाडी 16 मीटर पुढे गेलेली असते. त्यापुढे रस्ता दवाने ओला. हवामान खाते ज्याला अतिदाट धुके म्हणते, त्यात 50 मीटरच्या पलीकडले दिसत नाही. आपल्या वस्त्यांत काही सकाळी त्याच्या निम्मेही दिसत नाही.

19 जानेवारी 2017 रोजी आपल्यापासून फार लांब नसलेल्या एटा जिल्ह्यात अशाच कोहऱ्यात शाळेची बस आणि ट्रक यांची टक्कर झाली. निदान बारा बालकांचे प्राण गेले. थंडीमुळे शाळा बंद ठेवण्याचा जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश असताना ती शाळा भरवली होती. आदेश कागदावर होता आणि मुले रस्त्यावर होती. आपल्याकडेही हे होणार नाही, असे छातीठोकपणे कोण सांगेल?

काही वडीलधारी मंडळी म्हणतात, "आम्ही नाही का गेलो थंडीत शाळेला? एवढे कौतुक कशाला?" त्यांचा मान राखून आम्ही उत्तर देतो. दौलतराव शिंद्यांची छावणी 1810 साली इथे स्थिरावली आणि तिचेच पुढे लष्कर शहर झाले. आपली जुनी घरे त्या छावणीच्याच गल्ल्यांत. त्या पिढीने शाळेची वाट चालत कापली. वाट दहा मिनिटांची असे. वाटेत ज्याच्या दुकानापुढून जायचे, त्या प्रत्येकाला मुलाचे आडनाव आणि त्याच्या आजोबांचे नाव ठाऊक असे. मूल रेंगाळले तर संध्याकाळच्या आत घरी खबर पोहोचे. ती वाट हीच त्या पिढीची शाळेची बस होती, आणि ती रोज वेळेवर येत असे. आज वाडे विकले गेले किंवा वाटण्या होऊन रिकामे झाले. घरे सिटी सेंटरला, थाटीपूरला, दीनदयाल नगरला गेली. शाळा शहराबाहेर, हमरस्त्यालगत. मधले आठ-दहा किलोमीटर ट्रकांचे. त्या वाटेवर मुलाचे आडनाव कुणालाही ठाऊक नाही.

शिक्षण हक्क कायदा 2009 मध्ये आला. केंद्राने 2010 मध्ये त्याचे आदर्श नियम केले. त्यांत पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आणि आठवीपर्यंतची तीन किलोमीटरच्या आत चालत जाण्याजोगी असावी, असे धरले आहे. म्हणजे लहान मुलाची शाळा घराजवळ असावी, हे शासनालाही मान्य आहे. लांबची शाळा आपण निवडली, इंग्रजी माध्यमासाठी, मोठ्या मैदानासाठी, नावासाठी. ती निवड चूक होती असे आम्ही म्हणत नाही. पण शाळा निवडताना आपण फी पाहिली, निकाल पाहिले, स्विमिंग पूलही पाहिला. शाळेची वाट मात्र पाहिली नाही. ज्यांची मुले पुढच्या वर्षी शाळेत घालायची आहेत, त्यांनी एकदा जानेवारीतल्या सकाळी सातला त्या वाटेने स्वतः जाऊन यावे आणि मगच फॉर्म भरावा.

तर मग करायचे काय? नुसती कुरकूर करून व्हॅन वेळेवर येत नाही. मंडळाच्या वतीने आम्ही शाळा आणि प्रशासन यांच्यापुढे चार मागण्या ठेवू इच्छितो. वाचकांचे एकमत झाले तर सह्यांचे निवेदन जिल्हाधिकारी कार्यालयात देऊ.

पहिली मागणी वेळेची. दरवर्षी थंडी पडते आणि दरवर्षी ती जणू पहिल्यांदाच पडली अशा थाटात रात्री आदेश निघतात. कधी नऊच्या आत शाळा भरवू नये, कधी पाचवीपर्यंत सुट्टी, कधी आठवीपर्यंत. 20 डिसेंबर ते 31 जानेवारी शाळा साडेनऊला भरेल, असे जूनमध्येच वेळापत्रकात छापले तर कुणाचे काय बिघडते? सूर्य वर आला की कोहरा बराचसा विरळ होतो, व्हॅनवालाही वेळेवर येतो. दीड तास उशिरा भरणारी शाळा दीड महिन्यात कुणाला अडाणी करत नाही.

दुसरी मागणी सुट्टीच्या निरोपाची. सुट्टी द्यायचीच असेल तर आदल्या दिवशी संध्याकाळी सहाच्या आत कळवावे. त्यानंतर कळवले तर दुसऱ्या सकाळी फाटक उघडे ठेवावे, दोन शिक्षक आणि एक उबदार खोली हजर ठेवावी, आणि चुकून आलेले प्रत्येक मूल घरचे माणूस येईपर्यंत आत बसवावे. चौकीदाराची शेकोटी ही व्यवस्था नव्हे.

तिसरी मागणी नोंदवहीची. शाळेच्या फाटकाशी रोज थांबणारे प्रत्येक वाहन, मग ते कुणीही ठरवलेले असो, शाळेच्या वहीत असावे: गाडीचा नंबर, चालकाचे नाव, परवाना, मुलांची यादी. सुट्टीचा आणि वेळेचा निरोप पालकांबरोबर चालकालाही जावा. याला पैसा लागत नाही. एक वही आणि एक जबाबदार शिक्षक लागतो. घंटेची वेळ जो ठरवतो, त्याने त्या घंटेसाठी धावणाऱ्या गाड्यांची मोजदाद ठेवावी, एवढेच आमचे म्हणणे.

चौथी मागणी हजेरीची. कोहऱ्यामुळे मूल उशिरा आले किंवा आले नाही, तर त्याला दंड नको, बाहेर उभे करणे नको, त्या दिवशी चाचणी नको. उशिराची भीती मुलाच्या मनात, तिथून आईच्या तोंडी आणि तिथून चालकाच्या पायाखालच्या ॲक्सिलरेटरवर जाते. त्या दुसरीतल्या मुलीच्या प्रश्नात हीच भीती होती.

आता आपल्या हातातले. निवेदनाला उत्तर येईल तेव्हा येईल. कोहरा त्याची वाट पाहणार नाही. एका गल्लीतल्या तीन-चार घरांनी एकत्र यावे. मुले कोपऱ्यावर उभी न राहता एका ठरलेल्या घराच्या आत, दिव्याखाली थांबावीत आणि गाडी तिथे यावी. आपल्याकडे निवृत्त आजोबांची वाण नाही. आठवड्यातले दिवस वाटून घेऊन रोज एकाने मुले मोजून चढवावीत आणि पोहोचल्याचा फोन चालकाकडून घ्यावा. गाडीला दहा मिनिटे उशीर झाला तर फोन करावा, वीस मिनिटे झाली आणि फोनही लागला नाही तर मुले घरात घ्यावीत. त्या दिवशी शाळा बुडाली तर बुडाली. शाळेचा सकाळचा निरोप पाहण्याचे काम त्याच आजोबांकडे द्यावे, म्हणजे चार घरांत एक तरी माणूस तो वाचेल. दप्तरावर आणि कानटोपीवर चमकणारी पट्टी शिवून घ्यावी, दिव्याच्या उजेडात मूल लांबून दिसते. गल्लीच्या तोंडापासून विजेचा दुसरा खांब दिसत नसेल तर गाडी सोडायची नाही, असा गल्लीचा नियम करावा. यंत्र लागत नाही, खांब पुरतो.

आणि व्हॅनवाल्याशी वागण्याचेही पाहावे. तोही कुणाच्या तरी मुलांचा बाप आहे आणि पहाटे पाचला उठून थंड इंजिन चालू करतो. कोहऱ्याच्या दिवशी गाडी काढली नाही म्हणून त्याचे पैसे कापू नयेत. ज्या दिवशी आपण ते कापतो, त्या दिवशी पुढच्या कोहऱ्यात गाडी काढायला आपणच त्याला भाग पाडतो. मुले कमी बसवण्याच्या अटीवर शंभर-दोनशे रुपये जास्त द्यावेत. ज्या घराला तेवढे परवडत नाही, त्या घराचा भार गल्लीने उचलावा. गणपतीची वर्गणी जमवणाऱ्या समाजाला हे जड जाऊ नये.

राहिला राजकारणाचा प्रश्न. आमच्या काही सभासदांना वाटते की शाळेची व्हॅन हा काय राजकारणाचा विषय! आम्ही म्हणतो, याहून मोठा विषय कोणता? ग्वाल्हेर महापालिकेची मागची निवडणूक 2022 मध्ये झाली. 2027 मध्ये उमेदवार पुन्हा दारात येतील. ते आपल्याकडे येतात तेव्हा शिंदेशाहीचा, झाशीच्या राणीच्या समाधीचा, आपल्या जुन्या वैभवाचा उल्लेख करतात आणि आपण खूश होऊन चहा देतो. या वेळी चहा द्यावा आणि विचारावे: आमच्या गल्लीच्या तोंडाचा दिवा किती महिने बंद आहे? हमरस्त्यावरच्या शाळेपाशी गाड्यांना थांबायला जागा का नाही? हिवाळ्याच्या वेळापत्रकासाठी तुम्ही जिल्हाधिकाऱ्यांकडे आमच्याबरोबर याल का? आपण संख्येने थोडे आहोत, पण चार गल्ल्यांनी एकच प्रश्न विचारला तर तो टाळणे उमेदवाराला सोपे जात नाही. आणि हा प्रश्न फक्त मराठी माणसांचा नाही. त्या शेकोटीपाशी बसलेल्या सात मुलांत आपली दोनच होती. बाकीच्या पाच घरांना बरोबर घेतले, तर आपले बळ वाढेल.

मकरसंक्रांत कोहऱ्याच्या ऐन दिवसांत येते. घरोघरी हळदीकुंकू होईल, एका गल्लीतल्या बायका एकत्र बसतील. मुलांना तयार करून कोपऱ्यापर्यंत पोहोचवण्याचे काम बहुतेक घरांत त्याच करतात, त्यामुळे या विषयातले ज्ञान आमच्यापेक्षा त्यांनाच अधिक. त्या दिवशी वाण देऊन झाल्यावर दहा मिनिटे हाच विषय काढावा: आपल्या गल्लीची मुले कुणाच्या घरी थांबतील, कोणत्या दिवशी कोणते आजोबा, व्हॅनची पाटी कोणत्या रंगाची. ठरेल ते कागदावर लिहून मंडळाच्या कार्यालयात आणून द्यावे. किती गल्ल्यांचे कागद आले, ते आम्ही पुढच्या अंकात छापू. तिळगूळ देताना गोड बोलावेच, पण शाळेशी आणि उमेदवाराशी बोलताना थोडे स्पष्ट बोललो तरी चालेल.